लहान व्यापाऱ्याची हिशेबभाषा

पुण्यातील बिबवेवाडी ही गुलटेकडीच्या मार्केट यार्डाला लागून असलेली वस्ती. अशा वस्तीतील किराणा दुकानदार किंवा छोटा कारखानदार आपले हिशेब बहुधा बाहेरच्या हिशेबनिसाकडे सोपवितो. विवरणपत्र मुदतीत भरले जावे, एवढीच त्याची गरज असते, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्याची पहिली गरज अर्थबोधाची आहे. प्रस्तुत टिपणात तिचा भाषिक अंगाने विचार केला आहे.

‘जमा’ हा शब्द मूळचा अरबी, तर ‘नावे’ हा ‘नाव’ या तद्भव शब्दापासून सिद्ध झालेला. देशी कीर्दीत आलेली रोकड देणाऱ्याच्या नावाने जमेच्या बाजूस लिहीत. पाश्चात्त्य द्विनोंदी पद्धतीतही ती देणाऱ्याच्या खात्यात जमाच होते. मात्र त्याच वेळी रोकड खात्याच्या नावे पडते. दोहोंत विरोध नाही, भेद केवळ दृष्टिकोनाचा आहे. परंतु तो न उलगडता छापील गोषवारा हाती दिला, तर रोकड ‘नावे’ पडलेली पाहून पैसा गेला असेच दुकानदार समजेल.

‘कर भरला’ या प्रयोगातील संदिग्धता अधिक महाग पडते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. १ लाख रुपयांच्या मालावर १८ टक्के दराने १८,००० रुपये कर दुकानदार पुरवठादारास देतो आणि ‘कर भरला’ असे म्हणतो. हिशेबनिसाच्या लेखी मात्र कर भरणे म्हणजे तो सरकारजमा होणे. पुरवठादाराने ते बीजक आपल्या विवरणात दाखविले नाही, तर दुकानदाराला त्या रकमेची वजावट मिळत नाही. वजावट अडली की तेवढा भरणा त्याला खिशातून करावा लागतो.

‘विक्री’ या शब्दाचेही तसेच. उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे आले नसले, तरी बीजक झाल्यामुळे कराचे देणे उभे राहते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यास ते साधारणतः पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत चुकवावे लागते.

म्हणून मुदतीपूर्वी दरमहा एक पान त्याच्या हाती पडले पाहिजे: येणे किती, देणे किती, कोणत्या बीजकाची वजावट अडली आणि भरण्यासाठी किती रोकड राखावी. ते त्याच्याच बोलीत असावे. हिशेब बिनचूक असणे ही हिशेबनिसाच्या कर्तव्याची केवळ पूर्वअट होय. ज्याचा हिशेब त्याला तो समजला, म्हणजेच ते कर्तव्य पुरे झाले.