पत्रा झाकतो, पेलत नाही

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजी यांपैकी एखाद्या गावात तुम्ही राहत असाल, तर यंत्रमागांचा खटखटाट तुमच्या ओळखीचा असेल. गल्लीत शिरले की दोन्ही बाजूंना लांबच लांब कारखाने दिसतात. त्यांपैकी अनेकांचे छप्पर राखी रंगाच्या पन्हळी पत्र्यांचे असते. हे पत्रे वर्षानुवर्षे ऊन, वारा आणि पाऊस अंगावर घेतात. खाली कामगार कापड विणत असतात. एरवी या छपराकडे कोणी पाहत नाही. पावसाळा जवळ आला, की मात्र सर्वांना त्याची आठवण होते.

मे महिना सरत आला, की दुरुस्तीची घाई सुरू होते. कुठे पत्र्याला तडा गेलेला असतो. कुठे बोल्ट सैल झालेला असतो. कुठे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत कापसाचे तंतू, धूळ आणि पाला साचलेला असतो. छप्पर गळले, तर कापड खराब होते आणि मोटारीत पाणी जाते. म्हणून मिस्त्रीला बोलावतात. तो भिंतीला शिडी लावतो, हातात पाना घेतो आणि वर चढतो. काम तासाभराचे असते. पण त्या एका तासात त्याचा जीव पत्र्याच्या भरवशावर असतो. हा भरवसा किती खरा आहे, ते आपण पाहू.

हा राखी पत्रा लोखंडाचा नसतो. तो सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळून केलेला असतो. असे पत्रे करण्याची कृती ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी शोधली आणि १९०१ साली तिचे पेटंट मिळवले. पत्रा स्वस्त होता, त्याला गंज लागत नव्हता, आगही लागत नव्हती. त्यामुळे तो जगभर पसरला. त्याची जाडी साधारण ६ मिलिमीटर असते, म्हणजे तुमच्या करंगळीपेक्षाही कमी. खाली लोखंडी कैच्या असतात आणि त्यांवर ठरावीक अंतराने आडवे लोखंडी अँगल बसवलेले असतात. पत्रा या अँगलांवर ठेवून बोल्टने आवळतात. दोन अँगलांच्या मध्ये पत्र्याला खालून कसलाही आधार नसतो.

तुम्ही विचाराल, “जो पत्रा धो धो पाऊस सहन करतो, त्याला एका माणसाचे वजन का पेलत नाही?” प्रश्न योग्य आहे. पावसाचा भार सगळ्या छपरावर सारखा पसरतो. माणसाचा भार मात्र पावलाएवढ्या जागेवर येतो. चालताना तर एक पाय उचललेला असतो आणि सारे वजन दुसऱ्या पायाच्या टाचेवर पडते. भाजलेला पापड तळहातावर ठेवा. तो तसाच राहतो. आता त्याच्या मध्यभागी अंगठ्याने दाबा. तो न वाकता एकदम मोडतो. जो पदार्थ असा न वाकता मोडतो, त्याला ठिसूळ म्हणतात. लोखंडी सळई मोडण्याआधी वाकते आणि आपल्याला सावध करते. सिमेंटचा पत्रा अशी सूचना देत नाही.

उन्हापावसाने पत्रा जुना होतो. त्यावर शेवाळ वाढते. केसासारखे बारीक तडे पडतात आणि ते धुळीखाली झाकले जातात. उजेडासाठी मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे बसवलेले असतात. तेही उन्हाने ठिसूळ होतात आणि धूळ बसली की इतर पत्र्यांसारखेच दिसू लागतात. लोखंडी पत्र्यांचे छपरही निर्धास्त नसते. बोल्टांच्या आसपास ते गंजून कागदासारखे पातळ झालेले असू शकते.

समजा, छप्पर जमिनीपासून ५ मीटर उंच आहे. तिथून खाली यायला किती वेळ लागेल? सुमारे एक सेकंद. जमिनीवर आदळताना वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. एका सेकंदात माणूस काय करू शकेल? त्याला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. आणि खाली मऊ माती नसते. फरशी असते, लोखंडी माग असतात. म्हणून “पडताना काहीतरी धरू” हा विचार उपयोगाचा नाही. पडू नये, याचीच व्यवस्था आधी करावी लागते.

काही जुने कारागीर सांगतात, “बोल्टांच्या रांगेवरून चाला, खाली अँगल असतो.” हे ऐकायला खरे वाटते. पण बोल्टांच्या रांगेवरून चालणे म्हणजे डोंबाऱ्याच्या दोरीवरून चालण्यासारखे आहे. वाऱ्याचा झोत आला, पाय घसरला किंवा हातातले सामान जड झाले, की पाऊल बाजूला पडते. त्या एका चुकीच्या पावलाला क्षमा नसते. “मी वीस वर्षे असाच चढतो आहे,” असेही कोणी म्हणतो. पण वीस वर्षांत पत्राही वीस वर्षांनी जुना झालेला असतो.

मग हे काम करायचे तरी कसे? सर्वांत चांगला उपाय म्हणजे पत्र्यावर न चढणे. पुष्कळ बोल्ट आणि तडे आतून, भक्कम मचाण बांधून दुरुस्त करता येतात. वर जाणे टळत नसेल, तर पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

पत्र्यावर थेट पाय ठेवू नये. जाड, रुंद फळ्या अशा टाकाव्यात, की प्रत्येक फळी कमीत कमी दोन अँगलांवर टेकेल. मग माणसाचे वजन पत्र्यावर न पडता अँगलांवर जाते. फळ्या दोन तरी हव्यात. एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवता येते. फळी घसरू नये म्हणून ती बांधावी.

फळीवरूनही तोल जाऊ शकतो. म्हणून खांदे, छाती आणि मांड्या यांभोवती आवळला जाणारा सुरक्षापट्टा घालावा. त्याचा दोर कैचीसारख्या भक्कम लोखंडाला बांधावा. पत्र्याला किंवा पन्हळीला बांधलेला दोर माणसाबरोबरच खाली येतो. दोर इतका लांबही नसावा, की तो ताणला जाण्याआधीच माणूस जमिनीवर पोचेल. शक्य असेल तिथे छपराखाली जाळी ताणावी.

शिडी ४ मीटर उंचीवर टेकत असेल, तर तिचा पाया भिंतीपासून १ मीटर दूर ठेवावा. वरचे टोक छपराच्या कडेच्या सुमारे १ मीटर वर यावे, म्हणजे उतरताना हाताला आधार मिळतो. जवळून विजेच्या तारा गेल्या असतील, तर लोखंडी शिडी वापरू नये. पाऊस पडत असताना किंवा जोराचा वारा असताना वर जाऊ नये. खालचे माग बंद करून माणसांना बाजूला करावे आणि एकाने खाली उभे राहून लक्ष ठेवावे.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. पत्रा कापला, फोडला किंवा त्याला भोक पाडले, की ॲस्बेस्टॉसचे अतिशय बारीक तंतू हवेत उडतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथेच अडकून राहतात. त्यांच्यामुळे फुप्फुसाचे आजार व कर्करोग होतात आणि ते वीस-तीस वर्षांनीही प्रकट होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधी निकाल देताना त्यांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे ठेवण्यास सांगितले, ते यासाठीच. म्हणून जुना पत्रा फोडू नये. तो पाण्याने ओला करून, बोल्ट काढून अखंड उतरवावा. योग्य मुखपट्टी लावावी. तुकडे झाडून काढू नयेत आणि त्यांच्याशी मुलांनी खेळू नये.

ही सारी व्यवस्था कोणी करायची? रोजंदारीवर आलेल्या मिस्त्रीने सुरक्षापट्टा आणि जाळी घरून आणावी, ही अपेक्षा न्यायाची नाही. १९४८ सालच्या कारखाने कायद्यात उंचीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेची तरतूद होती. २०२० साली संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेतही कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य मानले आहे. माग दोन तास बंद ठेवले, तर थोडे कापड कमी निघेल. ते दुसऱ्या दिवशी विणता येईल. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.

दुर्दैवाने कोणी पडलेच, तर त्याला ओढून उठवू नका. त्याची मान आणि पाठ हलवू नका. बेशुद्ध असेल तर पाणी पाजू नका. १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आता थोडे तुमच्याविषयी. कटलेला पतंग पत्र्यावर अडकतो, चेंडू वर जातो आणि एखादा धाडसी मुलगा भिंतीवरून वर चढतो. पतंग थोड्या पैशांत मिळतो. तो तिथेच राहू द्या. आणि उद्या तुमचे अब्बा, चाचा किंवा मोठे भाऊ शिडी घेऊन निघाले, तर त्यांना अदबीने एवढेच विचारा, “फळी घेतली का? दोर कशाला बांधणार?” लहानांनी विचारलेला असा प्रश्न मोठी माणसेही ऐकतात. पत्रा आपल्याला झाकतो, पण आपला भार पेलत नाही, हे त्यांना सांगा आणि तुम्हीही विसरू नका.