एका उंदरामागे पंधरा कोटी

चला, आज नुसत्या आकड्यांवर स्वार होऊन डिस्नेच्या सहाही रिसॉर्टना जाऊन येऊ. कॅलिफोर्नियातलं अ‍ॅनाहाइम, फ्लोरिडातलं ऑर्लँडो, मग पॅरिस, हाँगकाँग, शांघाय, टोकियो आणि परत अ‍ॅनाहाइम. सहा ठिकाणं, बारा पार्क! हवाई अंतरांची बेरीज ३२ हजार किलोमीटरच्या घरात जाते. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं, तर हा प्रवास दोनशेहून जास्त खेपांचा झाला. रोज एक खेप मारायची म्हटली तरी सात महिने घाटातच जातील!

सुरुवात मात्र आटोपशीर होती. १७ जुलै १९५५ ला अ‍ॅनाहाइमचं डिस्नेलँड उघडलं. १६० एकरांच्या संत्र्यांच्या बागा, एका वर्षाचं बांधकाम आणि खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. डॉलर तेव्हा ४ रुपये ७६ पैशांना होता, म्हणजे आपले आठ कोटी रुपये. तिथल्या राजकन्येच्या किल्ल्याची उंची किती, तर ७७ फूट. आपलं गेटवे ऑफ इंडिया ८५ फूट! अपोलो बंदरावर उभं राहून मान वर केलीत, तर डिस्नेच्या पहिल्या किल्ल्यापेक्षा उंच वास्तू तुम्ही पाहिलीत.

आता फ्लोरिडाला या आणि जरा दम धरा.

१९६० च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांनी तिथे वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप जमीन घ्यायला सुरुवात केली. नाव फुटलं असतं तर भाव भडकले असते. बघता बघता २७ हजार एकरांहून जास्त जमीन गोळा झाली, सरासरी एकरी १८० डॉलरच्या आसपास. त्या काळच्या दराने हिशेब करा. गुंठ्याला पडले जेमतेम एकवीस रुपये! आणि विस्तार? सुमारे ११० चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं अख्खं मुंबई शहर ६८ चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. ते उचलून तिथे ठेवलं, तरी वर निम्मी मुंबई मावेल एवढी जागा उरते.

हे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. ते पाहायला वॉल्ट राहिले नाहीत, १९६६ मध्येच गेले. त्यातलं मुख्य पार्क मॅजिक किंगडम. तिथे पाहुणा फिरतो तो खरं तर दुसऱ्या मजल्यावर! जमीन दलदलीची, थोडं खणलं की पाणी. मग शेजारी १७२ एकरांचा तलाव खोदला, ती माती इकडे टाकली आणि भुयारं आधी बांधून त्यांच्यावर पार्क चढवलं. भुयारांचा पसारा नऊ एकर, म्हणजे तब्बल ३६० गुंठे. तिथून कामगार ये-जा करतात आणि कचरा नळ्यांमधून हवेच्या जोरावर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने पळतो. पॉपकॉर्नचा रिकामा डबा एक्स्प्रेस वेवरच्या गाडीच्या वेगाने निघालाय आणि वरून चालणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही!

जवळच एप्कॉट पार्क आहे. तिथे १९८६ मध्ये माशांसाठी एक टाकी भरली. रुंदी २०३ फूट, खोली २७ फूट, पाणी २ कोटी १५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे टँकर लावले तर २,१५० टँकर रांगेत उभे राहतील. शेतातली वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर घ्या. अशा साठ विहिरी काठोकाठ भरून आणा आणि ओता. टाकी अजून मागेल!

डिस्ने वर्ल्डमध्ये राहायचं असेल तर खोल्या पंचवीस हजारांहून जास्त. आज जन्मलेलं बाळ रोज रात्री नव्या खोलीत झोपवलं, तर शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत ते ६८ वर्षांचं झालेलं असेल. कंपनीच्याच सांगण्यानुसार चादरी, टॉवेल, पोशाख मिळून रोजची धुणी सव्वा लाख किलोंच्या वर. घरच्या सात किलोंच्या मशीनमध्ये रोज एक घाणा काढला, तर त्यांचं एका दिवसाचं धुणं उरकायला आपल्याला ४९ वर्षं लागतील. आणि हे सगळं सांभाळणारी माणसं? ७५ हजारांच्या आसपास. दोन वानखेडे खच्चून भरा, तरी हजारो बाहेर उभे!

पॅरिसचं रिसॉर्ट १९९२ चं. त्याच्या वाट्याची जमीन पॅरिस शहराच्या एक पंचमांश आहे. २०१९ मध्ये आयफेल टॉवरला साठ-बासष्ट लाख लोक गेले आणि या पार्कांना दीड कोटी. हाँगकाँगचं २००५ चं पार्क त्या मानाने छोटं, तिथून पुढे सरकू.

कारण शांघाय हाक मारतंय. १६ जून २०१६ ला उघडलेल्या या रिसॉर्टचा खर्च साडेपाच अब्ज डॉलर. तेव्हाच्या दराने सुमारे ३७ हजार कोटी रुपये! पाचशेच्या नोटा करू. होतात चौऱ्याहत्तर कोटी नोटा. त्या एकापुढे एक मांडत निघालो, तर १ लाख १० हजार किलोमीटर. मुंबई-पुणे सातशेहून जास्त वेळा नोटांनी मढवून होईल, किंवा पृथ्वीला पावणेतीन वेढे बसतील. किल्ला ६० मीटर, वीस मजली इमारतीएवढा. गेटवेवर गेटवे ठेवलं तरी कळस उरतो.

पण मला विचाराल, तर सगळ्यांत थक्क करतं ते टोकियो. समुद्र हटवून केलेली उरायासूची जमीन. दोन पार्क, २०१८ मध्ये दोन्ही मिळून १०० हेक्टर, म्हणजे नऊ शिवाजी पार्क. एवढ्याशा जागेत २०१८ च्या आर्थिक वर्षात सव्वातीन कोटी लोक आले! रोजचे जवळपास नव्वद हजार. ११ मार्च २०११ ला मोठा भूकंप झाला तेव्हा आत सुमारे ७० हजार पाहुणे होते. दुकानांतल्या मुलींनी फळ्यांवरची मऊ बाहुली-अस्वलं उचलली आणि डोक्यावर धरा म्हणून लोकांच्या हातात दिली. जमीन भरावाची, तरी पार्काखाली वाळूचे खांब ठोकून ती आधीच घट्ट केलेली. वाहनतळ उखडला, पार्क टिकलं आणि पाच आठवड्यांत दारं पुन्हा उघडली. सत्तर हजार डोकी आणि त्यांच्यासाठी खेळण्यांची ढाल, या आकड्यापुढे मला बाकीचे आकडे फिके वाटतात.

आता सगळ्याची बेरीज. २०१९ या एका वर्षात डिस्नेच्या जगभरच्या पार्कांत १५ कोटी ६० लाखांच्या आसपास प्रवेश झाले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा. तान्ह्या बाळापासून शंभरीच्या आजीपर्यंत अख्खा महाराष्ट्र आत सोडला. मागून सगळा केरळ सोडला. मग सगळा गोवा. अजून ऐंशी लाखांहून जास्त तिकिटं शिल्लक! गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल घ्या, पाच हजार माणसं कोंबलेली. अशा ३१ हजार लोकल लागतील. एकेक गाडी अडीचशे मीटर लांब. सगळ्या एकीला एक जोडून सीएसएमटीपासून उभ्या करायला लागा. पुण्याएवढं अंतर तर पहिल्या आठशे गाड्यांतच मागे पडलं. पुढे सरळ वायव्येला चला, समुद्र ओलांडा, इराण ओलांडा, युरोप गाठा. गाड्या संपायच्या आत पॅरिस येतं, आणि तिथून पुढेही शेकडो किलोमीटर माणसांनी भरलेले डबे उरलेले असतात!