शिवणकाम, घरगुती

घरातील व्यक्तीने विक्रीसाठी किंवा मजुरीसाठी नव्हे, तर स्वतःसाठी, कुटुंबीयांसाठी अथवा आप्तेष्टांना भेट देण्यासाठी कापड बेतून, कापून व शिवून कपडे तयार करण्याचे काम. नवे कपडे शिवणे, जुन्या कपड्यातून वेगळा कपडा काढणे आणि उसवलेल्या वा फाटलेल्या कपड्याची दुरुस्ती करणे ही त्याची तीन मुख्य अंगे होत. साधने व टाके यांच्या बाबतीत व्यावसायिक शिंपीकाम आणि घरगुती शिवणकाम यांत फारसा भेद नाही. भेद आहे तो मापाच्या व हिशेबाच्या बाबतीत. कारखान्यातील तयार कपडा ठरावीक आकारमानांच्या श्रेणीनुसार बेतला जातो, तर शिंपी गिऱ्हाइकाचे त्या दिवसाचे माप घेतो. घरी शिवणाऱ्या व्यक्तीला मात्र ज्याच्यासाठी कपडा शिवायचा त्याची अंगलट, बसण्या-उठण्याची सवय, कामाची रीत व वाढीचा वेग हे सर्व परिचित असते.

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. कपडा पुढे सैल करता यावा, मुलाच्या अंगाबरोबर तो वाढवता यावा, यासाठी ही तरतूद असते. कारखान्यात कापडाची बचत व्हावी म्हणून माया शक्य तितकी कमी ठेवतात. घरगुती शिवणीत ती सढळ ठेवण्याची रीत आहे. दोन्ही प्रकारच्या कपड्यांच्या आयुष्यात पडणारे अंतर बऱ्याच अंशी या फरकातून स्पष्ट होते.

इतिहास : सुईचा वापर प्रागैतिहासिक काळापासून चालत आलेला आहे. सैबीरियातील देनिसोवा गुहेत सु. ४०,००० वर्षांहून जुनी, नेढे असलेली हाडाची सुई सापडली आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील एका सूक्तात राका या देवतेने न तुटणाऱ्या सुईने आपले काम शिवावे आणि शूर पुत्र द्यावा, अशी प्रार्थना केलेली आढळते. शिवण व अपत्यप्राप्ती यांची ही सांगड लक्षणीय आहे.

महाराष्ट्रातील पारंपरिक पोशाखात लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे अशी न शिवलेली वस्त्रे प्रमुख होती. चोळी, बंडी, बाराबंदी, अंगरखा व लहान मुलांची अंगडी-टोपडी एवढ्यापुरतेच शिवणकाम लागे. पुरुषांचे कपडे बहुधा गावचा शिंपी शिवत असे. संत नामदेव (१२७०–१३५०) हे शिंपी कुळातील असून गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई व दोरा यांची रूपके आढळतात. चोळी शिंप्याकडून शिवून घेत किंवा स्त्रिया ती घरी हाताने शिवत. एका चोळीपुरत्या कापडाला ‘खण’ ही स्वतंत्र संज्ञा रूढ झाली. खणाचे दोन्ही काठ बाह्यांच्या कडांना येतील आणि कापड वाया जाणार नाही, असा चोळीचा बेत असे. ओटीत खण देण्याच्या प्रथेमुळे न शिवलेली चोळीच भेट म्हणून दिली जाई व ती घेणारी स्त्री आपल्या मापाने शिवून घेई.

शिवणयंत्राचा प्रसार : फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमॉन्ये याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचे एकस्व मिळविले, परंतु उपजीविका बुडण्याच्या भीतीने शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत इलायस हौ याला १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचे एकस्व मिळाले. या टाक्यात सुईतील वरचा दोरा व धोट्यातील किंवा बॉबिनमधील खालचा दोरा कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकतात. त्यामुळे एखादा टाका तुटला, तरी सबंध शिवण उसवत नाही. आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये सुधारित यंत्राचे एकस्व घेतले. त्याच्या संस्थेने १८५६ पासून यंत्रे हप्त्यांनी विकण्याची पद्धत सुरू केल्याने मध्यम स्थितीतील कुटुंबांनाही यंत्र घेणे शक्य झाले. एबेनेझर बटरिक याने १८६३ पासून निरनिराळ्या मापांचे कागदी बेत विकण्यास प्रारंभ केला आणि बेतण्याचे कौशल्य नसलेल्या गृहिणींनाही घरी कपडे शिवता येऊ लागले.

हिंदुस्थानात सिंगर यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकली जात होती. १९३०–४० या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ या नावाने देशी यंत्रांचे उत्पादन सुरू केले. यंत्रांच्या आक्रमणाला विरोध करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये एका संवादात शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने हे यंत्र बनविले, अशी आख्यायिका त्यांनी त्या वेळी सांगितली. सिंगरच्या चरित्राशी ही आख्यायिका जुळत नाही. त्याची प्रेरणा मुख्यतः व्यापारी होती. तथापि माणसाला निरुपयोगी न करता त्याचे श्रम हलके करणारे यंत्र ग्राह्य होय, हा गांधीजींचा निकष शिवणयंत्राला चपखल लागू पडतो.

साधने व पद्धती : सुई, दोरा, कात्री, मोजपट्टी, खडू, टाचण्या व अंगुस्तान एवढ्या साहित्यावर घरगुती शिवणकाम होऊ शकते. सुती कापड धुतल्यावर आटते. कोऱ्या कापडात ही घट मीटरमागे ३ ते ५ सेंमी. असू शकते. म्हणून कापड आधी भिजवून, वाळवून व इस्त्री करून मगच बेतावे. छाती, कंबर, पाठीची रुंदी, मुंढा, बाहीची लांबी आणि कपड्याची उंची ही प्रमुख मापे होत. अंगाच्या मापात हालचालीसाठी सैलपणा मिळवावा लागतो. साध्या सदऱ्यात छातीच्या घेरास ८ ते १० सेंमी. सैलपणा पुरतो. सैलपणा व माया या दोन भिन्न गोष्टी आहेत : सैलपणा कपडा अंगात असताना उपयोगी पडतो, तर माया शिवणीत दडलेली असून पुढील काळासाठी असते. सर्वसाधारण शिवणीस १·५ सेंमी. माया पुरेशी असते. वाढत्या मुलांच्या कपड्यांत ती बाजूच्या शिवणीस २·५ सेंमी. व खालच्या दुमडीत ५ सेंमी. वा अधिक ठेवतात.

कापडाचा उभा धागा कपड्याच्या उंचीच्या दिशेने येईल अशा रीतीने बेत मांडतात. गळ्याला व मुंढ्याला गोट लावण्यासाठी तिरक्या कापाची (उरेब) पट्टी वापरतात, कारण ती ताणली जाऊन वळणावर सपाट बसते. कापलेले भाग प्रथम कच्च्या धावदोऱ्याने जोडून कपडा अंगावर घालून पाहावा व नंतरच टीप मारावी. मध्यम सुती कापडासाठी १४ क्रमांकाची सुई व २ ते २·५ मिमी. लांबीचा टाका योग्य ठरतो. फार बारीक टाके घातल्यास शिवण उसवताना कापड फाटते. पुढे उसवून सैल करावयाच्या कपड्यात ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे.

बाळंतविडा : आप्तांसाठी शिवलेल्या वस्त्रभेटींत महाराष्ट्रातील बाळंतविड्याला विशेष स्थान आहे. बाळ व बाळंतीण यांना माहेरच्या किंवा जवळच्या आप्तांकडून दिल्या जाणाऱ्या या भेटीत झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट व लहान गोधडी यांचा समावेश होतो. डोक्यापासून पाठीवरून खाली येणारी कुंची खणाची किंवा रेशमी कापडाची असून तिला गोट, झालर व जर लावतात. संक्रांतीला बाळाच्या बोरन्हाणासाठी काळ्या कापडाचे झबले शिवतात व त्यावर हलव्याचे दागिने घालतात.

बाळाच्या जन्मापूर्वी त्याच्यासाठी नवे कपडे शिवू नयेत, असा संकेत अनेक कुटुंबांत पाळला जातो. त्यामुळे पहिली झबली व दुपटी आजीच्या जुन्या लुगड्याची किंवा आजोबांच्या धोतराची असत. या रीतीला व्यावहारिक आधारही आहे. पुष्कळदा धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, त्याचे धागे मऊ झालेले असतात व ते घाम आणि ओल चटकन शोषून घेते. नवजात बाळाचे माप आधी घेता येत नसल्याने झबले सैल, मागे उघडे व बंदांनी बांधता येणारे असे बेततात. त्वचेला टोचू नये म्हणून काही घरांत शिवणीची कड बाहेरच्या बाजूस ठेवतात. आजच्या बालआरोग्याच्या दृष्टीने काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. गळ्याभोवती लांब बंद नसावेत. मणी, टिकल्या वा सुटी बटणे लावू नयेत. बाळ झोपलेले असताना कुंची, टोपडे किंवा सैल गोधडी त्याच्या तोंडावर येईल अशी ठेवू नये.

जुन्या कापडाचा उपयोग : घरगुती शिवणकामात कापड सहसा एकाच रूपात संपत नाही. लुगडे विरले, की त्याच्या धड भागाचा परकर किंवा झबले होते, उरलेल्या भागाची दुपटी होतात व अखेरीस सर्व तुकडे गोधडीत जातात. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर अंथरून कडेपासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी घालतात. या ओळींमुळे थर सरकत नाहीत आणि त्यांच्यात अडकलेली हवा ऊब देते. बंगालमधील कांथा व उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी ही याच जातीची कामे होत. टंचाईच्या काळात अशा कौशल्याचे महत्त्व अधिक जाणवते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि १९४३ मध्ये जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याविषयी शासनाने पुस्तिका प्रसिद्ध केली. हिंदुस्थानातही १९४३ मध्ये सुती कापड व सूत यांवर नियंत्रण आले. कोविड-१९ च्या साथीत मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी मुखपट्ट्या शिवण्याची माहितीपुस्तिका काढली. त्या वेळी अनेक घरांत बंद पडलेली यंत्रे पुन्हा चालू झाली.

शिक्षण व उपजीविका : रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदन या संस्थेने स्त्रियांच्या इतर शिक्षणाबरोबर शिवणकामाचेही शिक्षण दिले. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना घरी बसून करता येण्याजोगा, प्रतिष्ठेला बाध न आणणारा उद्योग म्हणून शिवणकामाकडे पाहिले गेले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केल्यानंतर शिवणाचा त्यातही अंतर्भाव झाला. मात्र दीर्घकाळ हा विषय प्रायः मुलींपुरताच मर्यादित राहिला. शिवणकाम व्यवसाय झाले, की तो पुरुष शिंप्याचा आणि घरात राहिले, की ते स्त्रीचे कर्तव्य, अशी ही विभागणी होती.

आर्थिक व सामाजिक बाजू : घरासाठी केलेल्या शिवणकामाची मजुरी कोणी देत नसल्याने ते फावल्या वेळचा उद्योग समजले जाते. वास्तविक राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार घरच्या वापरासाठी कपडे शिवणे हे वस्तूंचे उत्पादन असल्याने तत्त्वतः उत्पादनाच्या कक्षेत येते; घरच्याच कपड्यांची दुरुस्ती मात्र त्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे नवे झबले शिवणाऱ्या आजीच्या श्रमाची गणना होऊ शकते, पण त्याच झबल्याला ठिगळ लावण्याची वा रफू करण्याची होत नाही. घराला त्या दोहोंची गरज सारखीच असते.

तयार कपडे स्वस्त व विपुल झाल्यापासून पैशाच्या बचतीसाठी घरी शिवण्याचे कारण बरेचसे उरलेले नाही. नव्या कापडाची व दोऱ्याची किंमत अनेकदा तयार कपड्याएवढी किंवा तीहून अधिक होते. तरीही नेहमीच्या आकारमानांत न बसणाऱ्या व्यक्ती, हात वर न उचलता येणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले रुग्ण व वाढती मुले यांच्यासाठी घरी शिवलेल्या कपड्याला आजही पर्याय मिळणे कठीण आहे. वृद्धाच्या सदऱ्याला बटणांऐवजी बंद लावणे, रुग्णाचा झगा मागे उघडा ठेवणे, मुलीच्या परकराला पुढच्या दोन वर्षांची दुमड घालणे हे निर्णय त्या व्यक्तीला रोज पाहणाराच अचूक घेऊ शकतो. अशा कपड्याची दुमड पुढे उसवून सोडली, की पूर्वीच्या घडीची रेघ कापडावर उमटलेली राहते. ती कपड्यातील दोष मानली जात नाही. मूल किती वाढले, हे घरातील माणसे त्या रेघेवरून सांगतात.