मेमरी वेगवान, संगणक सुरू होण्यास मात्र विलंब

नव्या संगणकात ‘एक्स्पो’ किंवा ‘एक्सएमपी’ ही वाढीव वेगाची सोय सुरू केल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहतो. रॅम बिघडल्याचा समज करून घेऊन अनेक जण घाईने वीजपुरवठाच तोडतात. प्रत्यक्षात त्या वेळी ‘मेमरी ट्रेनिंग’ सुरू असते.

एएमडी कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या रायझन ७००० मालिकेसाठी डीडीआर-५ मेमरीचा अधिकृत वेग ५२०० आहे. ‘एक्स्पो’द्वारे तो अनेकदा ६००० वर नेला जातो. या वेगात एका बिटच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम सहा अब्जावा भाग येतो. त्यामुळे संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे प्रोसेसरला प्रत्येक तारेसाठी पडताळून ठरवावे लागते. पहिल्या खेपेस यात काही मिनिटेही जाऊ शकतात.

खरी अडचण हीच पडताळणी दर वेळी नव्याने होते तेव्हा येते. त्यावर बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ हा पर्याय असतो. तो निवडल्यास आधीची मोजमापे जपून वापरली जातात आणि संगणक लवकर सुरू होतो. परंतु काही संगणकांत त्यानंतर निळा पडदा दिसू लागतो. मेमरीतील चूक फायलींतही उतरू शकते. हिशेब किंवा छायाचित्रे सांभाळणाऱ्याला हा सौदा महागच. अशा वेळी बायोसची नवी आवृत्ती घालून पाहावी, तरीही त्रास राहिल्यास पर्याय बंद करावा. बायोस बदलल्यावर पहिल्यांदा पुन्हा विलंब होतो, तेव्हा वीज तोडू नये.