फाशीची घाई कोणाला आणि कशासाठी?

आरोपीच्या तोंडावरचा काळा बुरखा अजून निघालेला नसतो, ओळखपरेड झालेली नसते, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचलेला नसतो; पण चॅनेलवाल्यांचा निकाल लागलेला असतो. ‘नराधमाला फासावर लटकवा!’ मग ‘डीएनए जुळला’ अशी ओळ पडद्यावर फिरते आणि खटला तिथेच संपतो. त्याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव वकील संघ करतात. असे ठराव बेकायदेशीर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले आहे. ऐकतो कोण?

या घाईत बळी कोणाचा जातो? नाशिकजवळचे २००३ चे दरोडा, बलात्कार आणि हत्याकांडाचे प्रकरण पाहा. भटक्या जमातीतील सहा मजुरांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! बचावलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने सुरुवातीलाच पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. आरोपी गरीब, भटक्या जमातीचे मजूर असल्याने त्यांना खोटे गोवल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची भरपाई प्रत्येकी पाच लाख रुपये!

डीएनए असता तर हे घडले नसते, असे काहींना वाटेल. डीएनए चाचणी निरपराधाला सोडवू शकते, हे खरे. पण यंत्र खोटे बोलत नसले तरी यंत्रापर्यंत नमुना नेणारा हात माणसाचा असतो. ठाणे जिल्ह्यातील २०१० च्या बालिकेच्या हत्येच्या खटल्यात नमुने प्रयोगशाळेत पाठवायला उशीर झाला आणि त्याचे कारण कोणी सांगू शकले नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो डीएनए अहवाल अविश्वसनीय ठरवून फाशीच्या कैद्याची सुटका केली. अखेर जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिले : नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, तो कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेला याची नोंदवही ठेवा, न्यायालयाच्या परवानगीशिवाय सील उघडू नका.

कोणी विचारेल, खैरलांजीनंतर तुम्हीही फाशीच मागितली होती ना? होय, मागितली होती. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा आज गळा काढणारी माध्यमे कित्येक दिवस गप्प होती. आमचा संताप रास्तच होता. पण पुढे काय झाले? शवविच्छेदन नीट झाले नाही, लैंगिक अत्याचाराचा आरोप न्यायालयात टिकला नाही, अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. सहा जणांना झालेली फाशीही २०१० मध्ये उच्च न्यायालयाने २५ वर्षांच्या कैदेत बदलली. जातीचा गुन्हा कागदावरून पुसला गेला. म्हणजे ज्या ढिसाळ तपासाने भटक्या मजुरांच्या गळ्यात दोर अडकवला, त्याच ढिसाळ तपासाने आमच्या मायबहिणींचा न्यायही हिरावला.

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलाचा विषय निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी देहदंडाची शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे स्पष्ट सांगितले होते. त्यांच्या जयंतीला आम्ही मिरवणूक काढतो. हे भाषण मात्र विसरतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, पोलीस ठाण्यावर मोर्चा नेताना नुसती फाशी मागू नका. पंचनामा कधी झाला, नमुना कोणत्या तारखेला गेला, अ‍ॅट्रॉसिटीचे कलम लावले का, हे विचारा. आणि पिंजऱ्यात वकिलाविना उभा असलेला पोरगा कोणत्याही जातीचा असो, त्याला वकील मिळवून द्या. फाशी एकदा दिली की चूक सुधारायला तो माणूस उरत नाही!