घरच्या किचनमधून धंदा करायचाय? ओटा फोडायच्या आधी भाकऱ्या मोजा



किचनच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच. "सर, कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं काम घरातूनच सुरू करायचंय. ओटा एल आकाराचा करू का सरळच ठेवू? ट्रॉल्या बसवू का? टाइल्स कुठल्या?" माझं दुकान अक्कलकोट रोड एमआयडीसीला आहे. रॅक, शेगड्या, स्टीलची टेबलं हाच माझा माल. म्हणजे तुम्ही किचन जितकं मोठं कराल तितका माझा फायदा. तरीही सांगतो, टाइल्सचा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा की दिवसाला किती भाकऱ्या काढणार, आणि तव्यावरून उतरलेली भाकरी ठेवणार कुठे?

बहुतेक जण इथंच चुकतात. बचत गटाचं कर्ज काढायचं किंवा गळ्यातलं मोडायचं, नवा ग्रॅनाइटचा ओटा, वर कपाटं, खाली ट्रॉल्या. घर छान दिसतं. आणि पहिली शंभर भाकऱ्यांची ऑर्डर आली की भाकऱ्या कुठं दिसतात? कॉटवर, टीव्हीसमोर, पोराच्या अभ्यासाच्या टेबलावर.

आपल्या भागातली घरं केवढी असतात ते आधी मान्य करू या. इथून पुढे कुंभारीला रे नगर आहे. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले अशा कुटुंबांची ही वसाहत. प्रधानमंत्री आवास योजनेत तेव्हा दुर्बल घटकांच्या घराला चटई क्षेत्राची मर्यादा होती 30 चौरस मीटर, म्हणजे साधारण 323 चौरस फूट. त्यात हॉल, झोपायची जागा, संडास-बाथरूम आणि किचन. एमआयडीसीच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्या यापेक्षा मोठ्या असतात असं काही नाही. पण जागा कमी म्हणून काम थांबलंय असं सोलापुरात कधीच झालं नाही. पूर्व भागात विणकरांच्या घरात माग बसवून उरलेल्या जागेत संसार चालायचा. विड्या तर आजही घरीच वळल्या जातात. घरात काम बसवायची अक्कल आपल्याकडे पिढ्यांपासून आहे. ती फक्त किचनला लावायची आहे.

आता वही-पेन घ्या. आकडे मी उदाहरणादाखल धरतोय, तुमचे आकडे मोबाइलच्या घड्याळावर स्वतः काढा.

समजा एका तव्यावर तासाला 20 भाकऱ्या निघतात. दोन तवे म्हणजे 40. भाजून उतरल्यावर मंद आचेच्या उबेला पूर्ण कडक व्हायला आणि मग गार व्हायला दीड तास लागतो असं धरू. गार झाल्याशिवाय पॅक करायची नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आत वाफ राहिली की पिशवीला घाम सुटतो, भाकरी वातड होते आणि पुढे बुरशी. मग तासाला 40, थांबायचं दीड तास. म्हणजे कुठल्याही क्षणी 60 भाकऱ्या नुसत्या वाट बघत पडलेल्या असणार. नऊ इंची भाकरी मोकळी पसरली की एक चौरस फूट खाते. झाली 60 चौरस फूट.

आता किचन बघा. राष्ट्रीय इमारत संहितेत, जेवायची जागा वेगळी असेल तर किचन किमान 5 चौरस मीटर आणि रुंदी किमान 1.8 मीटर असावी असं आहे. म्हणजे सहा फूट बाय नऊ फूट, 54 चौरस फूट. तुमच्या भाकऱ्याच 60 फूट मागतायत! ओटा, सिंक, सिलेंडर आणि तुम्ही स्वतः अजून यात धरलेलेच नाहीत. वर कोणी सल्ला देतो की तिसरा तवा लावा, उत्पादन वाढेल. तिसरा तवा लावला की वाट बघणाऱ्या भाकऱ्या 90 होतात.

एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे लगेच कळेल. माग वाढवले आणि शिलाईला बायका तेवढ्याच ठेवल्या, तर टॉवेल जास्त बाहेर पडत नाहीत, शिलाईच्या टेबलाशेजारी ढीग मोठा होतो. किचनमध्येही ढीग कुठं साठतो ते आधी शोधायचं. कडक भाकरीत तो गार करायच्या जागी साठतो, शेगडीवर नाही.

मग उपाय काय? भाकरी आडवी न ठेवता उभी ठेवा. ताटाळ्यात ताटं उभी राहतात ना, तसं. प्रत्येक भाकरीला दीड इंच दिलं तर चार फुटी कप्प्यात 32 भाकऱ्या उभ्या राहतात. असे एकावर एक तीन कप्पे म्हणजे 96. दोन कप्प्यांत एक फूट अंतर सोडा, म्हणजे हवा फिरते. रॅक एक फूट खोल. जमिनीवरची जागा किती गेली? चार चौरस फूट. साठच्या जागी चार! दांड्या स्टीलच्या घ्या, गंजणाऱ्या लोखंडाच्या नकोत, आणि वरून मलमलचं कापड टाका. असा रॅक फॅब्रिकेशनवाला तुमच्या मापाने बनवून देतो. माझ्याकडूनच घ्यायला पाहिजे असं नाही.

सहा फूट रुंदीत हा बसतो का? ओटा दोन फूट, समोरच्या भिंतीला रॅक एक फूट, मध्ये वाट उरते तीन फूट. एका माणसाला पुरेशी. पण त्या भिंतीलाही दोन फुटी ओटा बांधला, जे बरेच जण "स्टोरेज पाहिजे" म्हणून करतात, तर वाट दोन फुटांची राहते. हातात गरम तवा आणि मागून पोरगं पाणी प्यायला आलं, की विचार करा. दोघी जणी पाठीला पाठ लावून काम करणार असाल तर साडेतीन ते चार फूट लागतात. ते नसतील तर दुसऱ्या ताईंना पॅकिंगला हॉलमध्ये बसवा, किचनमध्ये उभं करू नका.

छोट्या किचनचा हा प्रश्न जगात नवा नाही. 1926 साली जर्मनीत फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी घरं बांधायला घेतली, तेव्हा मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी त्यांचं किचन आखलं. रुंदी 1.9 मीटर, लांबी 3.4 मीटर. म्हणजे आपल्या सहा बाय नऊपेक्षा थोडंसंच मोठं. त्यांनी रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं चिंचोळं किचन बघितलं, कुठल्या कामाला किती पावलं आणि किती वेळ लागतो याचा हिशेब केला आणि मग ओटा, कप्पे, डबे यांच्या जागा ठरवल्या. आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथून मानतात. पण त्यावर टीकाही झाली, की त्यात एकाच माणसाला काम करता येतं, दुसरं कोणी मदतीला शिरूच शकत नाही. दुकानदार मॉड्युलर किचनचे फोटो दाखवतो तेव्हा ही टीका लक्षात ठेवा. ती रचना एका कुटुंबाच्या स्वयंपाकासाठी होती. तुमच्याकडे ऑर्डर आहे.

नेटवर सगळीकडे "वर्किंग ट्रँगल" सापडेल. सिंक, शेगडी, फ्रीज असा त्रिकोण. तेही कुटुंबाच्या जेवणासाठीच बरोबर आहे. धंद्याला त्रिकोण नको, रेघ पाहिजे. पीठ आत आलं, मळलं, थापलं, भाजलं, गार झालं, पॅक झालं, बाहेर गेलं. माल मागे फिरता कामा नये. कच्चं आणि तयार एकमेकांना लागू नये, हा अन्न सुरक्षेचाही मूळ नियम आहे. आणि हो, घरातून विकलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, ती फोसकोस पोर्टलवर होते.

पण सहा बाय नऊच्या किचनला दार एकच असतं, मग रेघ कशी काढणार? जागा नसेल तर वेळ वाटायचा. शेंगा भाजायचा दिवस वेगळा, भाकरीचा दिवस वेगळा. शेंगांची फोलपटं उडतात, ती पाखडणं किचनमध्ये नकोच, गच्चीवर किंवा अंगणात करा. घरच्यांचा स्वयंपाक ऑर्डरच्या आधी उरकायचा, ओटा पुसायचा, मग धंद्याचं पीठ काढायचं. आणि आपल्या भागातली खास अडचण म्हणजे शिफ्ट. घरातला माणूस रात्रभर मागावर उभा राहून सकाळी येऊन झोपतो, आणि भिंतीपलीकडे चटणीचं कांडप सुरू होतं. अशी भांडणं मी ऐकली आहेत. मिक्सर आणि कांडपाची वेळ कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर कांडप मशीन घरात आणूच नका, खालच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर दणके बसतात. चटणी बाहेरून कुटून आणा.

आता न हलणाऱ्या गोष्टी. प्रत्येक किचनमध्ये दोन-तीन गोष्टी अशा असतात, बाकी सगळं त्यांच्याभोवती फिरतं. पहिली म्हणजे सिंकचा पाइप. त्याला दर फुटाला साधारण पाव इंच उतार लागतो. सिंक आठ फूट सरकवलं तर दोन इंच उतार, म्हणजे फरशी उचलायची किंवा फोडायची. भाड्याच्या घरात तर विषयच सोडा. सिंक आहे तिथं ठेवा. परातीतलं पीठ आधी कोरडं खरवडून काढायचं, मग धुवायचं, नाहीतर पाइप तुंबणार.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओतली डिझाइन इथं जशीच्या तशी चालत नाहीत. त्यांच्या चित्रात पिंप नसतं! दोनशे लिटरचं पिंप सुमारे दोन फूट व्यासाची जागा घेतं आणि भरल्यावर दोनशे किलोच्या वर जातं. एकदा भरलं की हलत नाही. त्याची जागा सिंकच्या बाजूला, आधीच ठरवा. वाटेत ठेवलं तर तुमची तीन फुटांची वाट एक फुटाची होईल.

तिसरी गॅस. धंद्यासाठी घरगुती 14.2 किलोचा सिलेंडर वापरता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो उंच असतो, घरच्या ओट्याखालच्या कप्प्यात सहसा बसत नाही. ओटा बांधून झाल्यावर हे कळलं की मग गवंडी परत बोलवा. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलेंडर उभाच ठेवायचा, खालच्या बाजूला हवा जायला जाळी पाहिजे, आणि शेगडी सिलेंडरपेक्षा उंचावर पाहिजे. भाकरी जमिनीवर बसून थापायची सवय असेल तर थापा खुशाल, पण गॅसची शेगडी जमिनीवर ठेवू नका.

उंचीचं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, कारण इथं पैसे नाही, खांदे जातात. सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप 37 इंचांच्या आसपास येतं. भाकरी थापायला जोर लागतो, म्हणून ती जागा कोपरापेक्षा सहा इंच खाली. आता घरचा 32 इंची ओटा घ्या, त्यावर पाच इंचाची शेगडी ठेवा. तवा आला 37 इंचांवर, थेट कोपराला. चार भाकऱ्यांना काही वाटत नाही. दोनशेला रात्री हात वर होत नाही. म्हणून धंद्याची शेगडी ओट्यावर नको, 26-27 इंच उंचीच्या वेगळ्या लोखंडी स्टँडवर ठेवा. स्टँड तुमच्या मापाचा करा, सासूबाई भाजणार असतील तर त्यांच्या मापाचा. घर बदललं तर स्टँड बरोबर नेता येतो, ओटा नेता येत नाही.

"सर, वास्तूप्रमाणे शेगडी आग्नेयेला पाहिजे ना?" विचारतातच. ठेवा की. पण खिडकी कुठं आहे तेही बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, त्यात दोन तवे पेटलेले. शेगडीजवळच्या भिंतीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला वाट, एवढं झालं तर दिशेवर मी वाद घालणार नाही. मिक्सरसाठी 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या, सिंकपासून लांब.

पैशाचं बोलू. केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत, जी 2020 मध्ये सुरू झाली, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, असं अनुदान ठेवलंय. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे. बँक कर्ज मंजूर करते तेव्हाच त्याचा रस्ता उघडतो, आणि बँक तुम्हाला विचारणार की दिवसाला किती माल, कशाच्या जोरावर? वर केलेला भाकऱ्यांचा हिशेब तिथं कामाला येतो. टाइल्सचं बिल नाही.

या रविवारी एवढं करा. किचन पूर्ण रिकामं करा. खडूने फरशीवर ओटा, रॅक, पिंप, सिलेंडर, स्टँड मापात आखा. रॅकच्या जागी पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचा. मग खरोखर 40 भाकऱ्या करा, विकायच्या नाहीत, घरात आणि शेजारी वाटायच्या. एकाला मोबाइलवर वरून शूटिंग करायला लावा. कुठं वळताना खोक्याला धक्का लागला, कुठं थांबावं लागलं, पहिली भाकरी किती वेळाने पॅक करण्याइतकी गार झाली, सगळं त्यात दिसेल. खडू पुसून परत आखा. माझ्या माहितीत दोन-तीन वेळा आखल्याशिवाय कोणाचंच बसत नाही. मग पहिल्या तीन महिन्यांत फक्त हलवता येतील अशाच वस्तू घ्या, म्हणजे स्टँड, रॅक आणि एक घडीचं टेबल. गवंड्याला त्यानंतर फोन करा, आणि तो आला की हातात मापाचा कागद द्या. तो "असंच करतात सगळे" म्हणेल. कागदावर बोट ठेवून उभ्या राहा.