हुमणीची बुरशी आणि घरातले डास

कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे घरात काही अडले की आई म्हणते, "तू शिकतेस ना, मग सांग." गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला डेंग्यू झाला तेव्हाही ती हेच म्हणाली. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. पिंपे भरून ठेवावीच लागतात, आणि डेंग्यूच्या डासाची मादी नेमकी अशाच पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या कडेने अंडी घालते. साठवलेले पाणी ओतून द्या म्हणतात. पण पुढची पाळी पाचव्या दिवशी असताना ओतायचे कसे?

उत्तर शोधता शोधता वाचनालयात एक ओळखीचे नाव भेटले : मेटारायझियम. माझे मामा ऊस करतात. हुमणी लागली की ते याच बुरशीची भुकटी शेणखतात कालवून सरीत टाकतात. मेलेल्या अळीवर हिरवट थर येतो, तो मी पाहिला आहे. १८७९ मध्ये मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने ओडेसा येथे गव्हावरच्या, हुमणीच्याच जातकुळीतल्या भुंगेऱ्यावर तिचा प्रयोग केला होता. हीच बुरशी डासालाही मारते.

तिची रीत अशी. बुरशीचे बीजाणू डासाच्या अंगाला चिकटतात, रुजतात आणि कवच विरघळवून आत शिरतात. ते पोटात जावे लागत नाहीत, हे महत्त्वाचे. कारण डास चावून खात नाही, शोषतो. आत बुरशी वाढते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत डास मरतो.

एवढ्या उशिरा मेला तर उपयोग काय, असे मला प्रथम वाटले. पण रोग्याचे रक्त प्यायल्यावर डेंग्यूचा विषाणू डासात पक्व व्हायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. तोवर तो डास दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. म्हणजे त्याचे म्हातारपण तेवढे हिरावून घेतले तरी पुष्कळ झाले. शिवाय मरण्याआधी मादी अंडी घालून जाते. त्यामुळे औषधाला न जुमानणारीच पिढी उरण्याचा धोका कमी राहतो.

टांझानियातील एका खेड्यात हिवतापाच्या डासांवर झालेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेलात कालवलेले बीजाणू काळ्या सुती कापडाला लावून ते घरात छताखाली टांगले होते. पकडलेल्या डासांपैकी सुमारे २३ टक्के डासांना बुरशी लागलेली आढळली. माझे वडील यंत्रमागावर आहेत. सुती कापड म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले!

अडचण अशी की कापडावरचे बीजाणू काही आठवड्यांत निकामी होतात, आणि ३५ अंशांपुढे बुरशीची वाढ मंदावते. आमचा उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यानंतर, म्हणजे डेंग्यूच्या दिवसांत, हवा तिला अधिक मानवेल.

"मग मामाकडची पुडी पिंपात टाकू का?" आईने विचारले. मी घाईघाईने नको म्हटले. ती शेताची भुकटी, पिण्याच्या पाण्यात टाकण्याची नव्हे. डासाची अंडी मात्र पिंपाला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. म्हणून नळ यायच्या दिवशी, पाणी तळाला गेले की मी पिंप आतून काथ्याने घासते, मग भरते आणि तोंडाला कापड बांधते.